वक्रतेच्या वाटा – ७ : एकाच पृष्ठाला गोलांची दोन कुळं

मागच्या भागात एका बिंदूपाशी थांबून पृष्ठाच्या दोन मुख्य वक्रता मोजल्या. आता तेच पृष्ठ गोलांच्या मदतीनं पाहू.

मेदूवड्याच्या आकाराला गणितात टोरस म्हणतात. ५ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळावरून २ सेंमी त्रिज्येच्या गोलाचं केंद्र फिरवा. त्या सगळ्या गोलांना लपेटून बसणारं आवरण म्हणजे टोरस. प्रत्येक गोल त्याला आतून एका पूर्ण वर्तुळात टेकलेला असतो. इथवर सोपं आहे.

पण हाच टोरस गोलांच्या वेगळ्याच कुळातूनही मिळतो, आणि तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. भोकाच्या मधोमध ३ सेंमी त्रिज्येचा गोल बसवा. तो आतल्या काठाला वर्तुळभर टेकेल. आता केंद्र अक्षावरून १२ सेंमी वर न्या. तिथून नळीच्या मध्यवर्तुळापर्यंतचं अंतर १३ सेंमी (५, १२, १३ हा शाळेतला काटकोन त्रिकोण आठवत असेलच). त्यातून नळीची त्रिज्या वजा केली की ११. या त्रिज्येचा गोल टोरसला माथ्याजवळ पुन्हा पूर्ण वर्तुळात टेकतो. बाहेरच्या अर्ध्या भागासाठी मात्र टोरसला पोटात घेणारे गोल लागतात. त्याच केंद्रावर १३ अधिक २, म्हणजे १५ सेंमीचा.

एका कुळाची केंद्रं वर्तुळावर, दुसऱ्याची सरळ रेषेवर; हीच टोरसची वक्रताकेंद्रं. सर्वसाधारण पृष्ठाची वक्रताकेंद्रं मिळून दोन नवी पृष्ठं होतात. इथे ती आकसून नुसते दोन वक्र उरले. गंमत आहे ती यातच.

नळी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक केली तर? असं पृष्ठ, म्हणजे तीन ठरावीक गोलांना स्पर्श करत सरकणाऱ्या गोलाचं आवरण, गास्पार मोंज यांचे शिष्य शार्ल द्युपँ यांनी अभ्यासलं आणि १८२२ च्या ग्रंथात त्याला ‘सायक्लाइड’ म्हटलं. (हा गृहस्थ मूळचा नौदलाचा अभियंता. फ्रान्समधल्या शिक्षणाचा छटांनी रंगवलेला नकाशाही त्याचाच, १८२६ चा.) आता वर्तुळाच्या जागी लंबवर्तुळ येतं आणि रेषेच्या जागी अपास्त. दोन्ही परस्परांना लंब प्रतलांत असतात आणि एकाची नाभी जिथे, तिथे दुसऱ्याचा शिरोबिंदू.

हे कागदावरच राहिलं असतं, पण १९१० साली झॉर्ज फ्रीडेल आणि ग्रांझाँ यांनी काही द्रवस्फटिकांत सूक्ष्मदर्शकाखाली नेमकी हीच जोडी टिपली. फ्रीडेल खाणकामाचे अभियंता, स्फटिकशास्त्रात मुरलेले. त्यांचा तर्क असा : समांतर पृष्ठांचे लंब सामाईक, म्हणून वक्रताकेंद्रंही सामाईक. ती केंद्रं लंबवर्तुळ आणि अपास्तावर पडत असतील, तर द्रवात सारख्या जाडीचे, वाकू शकणारे थर असायलाच हवेत. थर स्वतः सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरचे, जाडी रेणूच्या लांबीच्या घरातली. क्ष-किरणांनी त्यांची खात्री पटली ती १९२३ साली.

पुढच्या भागात टोरसला ‘उलटून’ सायक्लाइड कसा मिळतो, ते करून पाहू.