विश्लेषण : रंग दिला तरी भिंतीवरचे तडे पुन्हा का उमटतात?

पाऊस ओसरला की रंगाऱ्यांचे फोन खणखणू लागतात. दसरा ते दिवाळी या जेमतेम तीन आठवड्यांत सगळ्यांनाच घर रंगवून हवे असते. जुन्या भिंतीवर केसासारखे बारीक तडे असतात. रंगारी त्यावर पुट्टी फिरवतो, रंगाचे दोन हात मारतो आणि दिवाळीत भिंत झकास दिसते. पुढच्या उन्हाळ्यात मात्र त्याच जागी तीच रेघ उमटते, कुठे पोपडे सुटतात. दोष रंगाच्या डब्याला दिला जातो. प्रत्यक्षात बिघाड बहुतेक वेळा रंगाचा डबा उघडण्याआधीच झालेला असतो.

सगळे तडे सारखेच असतात का?

नाही, आणि पैसे वाया जातात ते इथेच. कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले बारीक तडे गिलाव्याच्या वरच्या थरापुरते असतात. गिलाव्यात सिमेंट जास्त पडले, पृष्ठभाग फार घोटला गेला किंवा पाणी मारण्यात कसूर झाली की सुकताना तो आकसतो आणि तडकतो. हे तडे एकदा पडले की सहसा वाढत नाहीत.

बीम आणि वीटकाम जिथे मिळतात तिथली सरळ आडवी रेघ वेगळी. काँक्रीट आणि वीट उन्हात-थंडीत सारख्या प्रमाणात फुगत-आकसत नाहीत, त्यामुळे हा सांधा दरवर्षी थोडा हलतो. नुसती पुट्टी कडक असते. ती या हालचालीबरोबर ताणली जात नाही, तुटते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारा तिरका तडाही याच जातीचा असू शकतो.

तडा जिवंत आहे की थांबला आहे, हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहा. मध्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ ठिपका आडवा लावा. काही महिन्यांत ठिपका तुटला किंवा तडा खुणेच्या पुढे गेला, तर तो जिवंत आहे.

तडा रुंद होत असेल, बीम किंवा कॉलमच्या लांबीने धावत असेल आणि त्यातून तांबूस डाग उतरत असतील, तर आतली सळई गंजत असण्याची शक्यता आहे. हे काम रंगाऱ्याचे नाही, स्ट्रक्चरल इंजिनीअरचे. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. ऑडिटच्या तोंडावर घर रंगवून असे तडे झाकणे म्हणजे डॉक्टरकडे जाण्याआधी ताप उतरवणारी गोळी घेण्यासारखे आहे.

भिंत सुकली हे कसे कळणार?

हाताला कोरडी लागली म्हणजे सुकली असे नाही. चार महिने पाऊस प्यायलेली बाहेरची भिंत आतून सुकायला कित्येक आठवडे घेते. फूटभर चौकोनी प्लास्टिकचा कागद भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. २४ तासांनी कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला बाष्प जमले असेल तर आत ओल आहे. अशा भिंतीवर रंग दिला की आतले पाणी बाहेर पडताना क्षार पृष्ठभागावर आणते, पांढरी पूड दिसते आणि रंग फुगून सुटतो. ओल बाहेरच्या तड्यातून, गच्चीतून किंवा बाथरूमच्या पाइपातून येत असेल, तर आधी ते बंद करायला हवे. आतून वॉटरप्रूफ रंग फासला तर पाणी शेजारच्या जागी वाट काढते.

जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या गिलाव्याला तर हा नियम अधिकच लागू आहे. चुना ओल घेतो आणि सोडतो. त्यावर सिमेंटची पुट्टी आणि प्लास्टिक रंग चढवला की ओल आतच अडकते आणि गिलाव्यासकट रंग खाली येतो. तिथे चुन्यानेच दुरुस्ती करून चुन्याची सफेदी देणे शहाणपणाचे. कमी दिमाखदार दिसते, पण टिकते.

तडा भरायचा कसा?

भरण्याआधी तो उघडावा लागतो, हे घरमालकांना पटत नाही. केसाएवढ्या रेघेत पुट्टी शिरतच नाही, वरवर बसते. म्हणून पत्र्याच्या टोकाने तडा इंग्रजी व्ही आकारात थोडा रुंद करतात, ब्रशने धूळ काढतात, जागा किंचित ओलसर करतात आणि मग क्रॅक फिलर दाबून भरतात. सुकल्यावर तो थोडा आत बसतो, तेव्हा दुसरा हात लागतो. बीमच्या सांध्यासारख्या जिवंत तड्यावर लवचिक फिलर आणि त्यावर फायबरची जाळीपट्टी हवी.

त्याआधी भिंत मुठीने किंवा पत्र्याच्या दांड्याने ठोकून पाहा. पोकळ आवाज येईल तिथला गिलावा काढून नवा करावा लागतो. हात फिरवून पांढरी भुकटी लागली तर जुनी सफेदी किंवा डिस्टेंपर खरवडलाच पाहिजे. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी जुन्या रंगावर थेट धरत नाही. तिला उघडा, ओलसर केलेला गिलावा लागतो. रंग काढायचा नसेल तर प्रायमर मारून आतल्या भिंतीला अ‍ॅक्रिलिक पुट्टी हा पर्याय आहे. लांबी जाड भरण्यापेक्षा दोन पातळ हात चांगले.

घासताना काळजी कसली?

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरवणारे केंद्राचे नियम २०१६चे. ते लागू झाले नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याआधीचे थर कोरडे घासले तर शिशाची धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. ओला सँडपेपर वापरा, मास्क लावा, आणि ते दोन दिवस मुले व गर्भवती यांना दुसरीकडे पाठवा. धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

रंग कोणता निवडावा?

उंचसखल भिंतीवर चकचकीत रंग नको. प्रत्येक खळगा दिसतो. मॅट रंग दोष झाकतो. पुट्टी घासून झाल्यावर अंधारात मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका मारा. उरलेले उंचवटे लगेच दिसतील, आणि ते प्रायमरच्या आधीच दुरुस्त होतात.

रंगाऱ्याशी दर बहुधा चौरस फुटावर ठरतो. त्यात तडे उघडण्याचे, खरवडण्याचे काम वेगळे धरलेले नसते, मग ते उरकले जाते. ते स्वतंत्र ठरवा, त्याचे वेगळे पैसे द्या आणि भरलेले तडे पुट्टी चढण्याआधी डोळ्यांनी बघा. प्लास्टिकच्या कागदाखाली बाष्प आलेली भिंत तेवढी यंदा सोडा. बाकीचे घर दिवाळीला रंगवा आणि ती फेब्रुवारीत घ्या; तेव्हा भिंतही सुकलेली असते आणि रंगारीही मोकळे.