एआ : सुरांतून उमटलेले विश्व

एआ हे जे. आर. आर. टॉल्किन (१८९२-१९७३) या इंग्रज लेखकाने रचलेल्या पुराणकथांमधील विश्वाचे नाव. ‘द हॉबिट’ (१९३७) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबऱ्यांमुळे जगभर ठाऊक झालेले मिडल-अर्थ हा त्याचा लहानसा भाग. मिडल-अर्थ हे आर्दा या पृथ्वीवरचे एक खंड आणि आर्दा एआच्या पसाऱ्यातली.

या विश्वाचा उगम संगीतात आहे. एरू इलूवातार हा परमेश्वर आइनूर नावाचे आत्मे निर्माण करतो, त्यांना एक सुरावट देतो आणि ते ती विस्तारून गातात. त्यांतला सर्वांत सामर्थ्यवान मेल्कोर मध्येच स्वतःचा सूर रेटू लागतो. गाणे विस्कटते, इलूवातार नव्या सुरावटी आणून ते सावरतो. मात्र नुसत्या गाण्याने जग बनत नाही, त्याचे केवळ दृश्य दिसते. ‘हे असो’ अशा अर्थाचा ‘एआ’ हा शब्द इलूवातार उच्चारतो, तेव्हा ते प्रत्यक्षात येते. काही आइनूर त्यात उतरतात. त्यांतल्या थोरांना वालार म्हणतात. येऊन पाहतात तर सारे घडवायचे बाकीच! शिवाय मेल्कोरही सोबत आलेला. टॉल्किन श्रद्धाळू कॅथॉलिक होते. वाईट शक्ती स्वतः काही निर्माण करू शकत नाही, असलेले फक्त नासवू शकते, ही त्यांची धारणा या कथेच्या मुळाशी आहे.

त्यामुळे आर्दाचा भूगोल म्हणजे मोडतोडीचा इतिहास. आरंभी ती सपाट, समुद्राने वेढलेली. वालारांनी उत्तरेला इल्लुइन व दक्षिणेला ओर्माल असे दोन प्रचंड दीपस्तंभ उभारले. मेल्कोरने ते पाडले आणि भूमीची रचनाच बिघडली. वालार पश्चिमेच्या आमान खंडात गेले. तिथे चंदेरी टेल्पेरिऑन आणि सोनेरी लाउरेलिन या दोन वृक्षांचा उजेड पसरला. मेल्कोरने उन्गोलिअँट या महाकाय कोळिणीच्या साह्याने तेही मारले. टेल्पेरिऑनच्या अखेरच्या फुलापासून चंद्र झाला, लाउरेलिनच्या अखेरच्या फळापासून सूर्य. पहिल्या युगाच्या शेवटी मेल्कोरविरुद्ध झालेल्या महायुद्धानंतर वायव्येचा बेलेरिआंद प्रदेश समुद्रात गेला. लिंडन ही किनारपट्टी तेवढी उरली.

सर्वांत मोठा बदल दुसऱ्या युगातला. नूमेनोर या बेटावरील माणसांनी अमरत्वाच्या लोभाने आमानवर स्वारी केली. कथेतील कालगणनेनुसार ३३१९ साली ते बेट बुडाले, आमान जगाबाहेर काढले गेले आणि आर्दा गोल झाली. तेव्हापासून पश्चिमेकडे निघालेले जहाज फिरून होते तिथेच येते. आमानकडचा सरळ मार्ग केवळ एल्फ या अमर लोकांना आणि मोजक्या इतरांना सापडतो.

टॉल्किन मिडल-अर्थला परका ग्रह मानत नसत. ती आपलीच पृथ्वी, फक्त काळ काल्पनिक. कादंबरीतले हॉबिटन हे गाव साधारण ऑक्सफर्डच्या अक्षांशावर आणि मिनास तिरिथ हे नगर फ्लॉरेन्सच्या, असा हिशेब त्यांनी एका पत्रात दिला आहे. याच आग्रहाने पुढे त्यांना अडचणीत आणले. सपाट पृथ्वी आणि फळापासून झालेला सूर्य शास्त्राला धरून नाहीत, म्हणून उत्तरायुष्यात त्यांनी पृथ्वी मुळातच गोल असल्याचे मसुदे लिहून पाहिले. ते पुरे झाले नाहीत, हे बरेच झाले. दोन वृक्षांची कथा हा या पुराणाचा कणा आहे आणि खगोलशास्त्राच्या हिशेबाने ती उभी राहिली नसती. त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी १९७७ मध्ये ‘द सिल्मरिलियन’ संपादित करताना सपाट आर्दाच कायम ठेवली. गोल पृथ्वीचे मसुदे १९९३ मध्ये ‘मॉर्गॉथ्स रिंग’ या पुस्तकात आले.

एआची उत्पत्तिकथा ‘द सिल्मरिलियन’च्या आरंभीच आहे, पण त्यातली नावांची गर्दी नवख्याला दमवते. आधी ‘द हॉबिट’ वाचून मग तिकडे वळणे सोयीचे.