‘चाफा’ : एक नाम, भिन्न वृक्ष आणि त्यांची निगा

मराठीत ‘चाफा’ हे कोणा एकाच वनस्पतीचे नाव नाही. सोनचाफा, खुरचाफा, हिरवा चाफा, नागचाफा, भुईचाफा अशी त्याची अनेक सामासिक रूपे रूढ आहेत. परंतु त्यांनी निर्दिष्ट होणाऱ्या वनस्पती भिन्न भिन्न कुलांतील आहेत. हिरवा चाफा सीताफळाचा सगोत्र, तर भुईचाफा आले-हळदीचा. लोकभाषेने येथे सुवास हेच मुख्य गमक मानलेले दिसते आणि भाषिक व्यवहाराच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. लागवडीच्या प्रसंगी मात्र हे नामसाम्य घातक ठरते. सोनचाफ्यास मानवणारी निगा खुरचाफ्याच्या वाट्यास आली, की त्याचे खोड कुजते.

मूळचा चाफा तो सोनचाफाच. संस्कृत ‘चंपक’ शब्दाचा निर्देश त्याच्याकडे असून ‘चंपकवर्ण’, ‘चंपकगौर’ या विशेषणांतील पीत कांतीही त्याचीच होय. खुरचाफा अथवा पांढरा चाफा हा मेक्सिको, मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटे या प्रदेशांतील असून युरोपीय दर्यावर्दी तेथे पोहोचल्यानंतरच, म्हणजे १४९२ नंतर, तो पूर्वेकडे आला. सबब यादवकालीन मराठी ग्रंथातील चाफ्याचा अर्थ लावताना देवळापुढील पांढरा चाफा डोळ्यांपुढे आणणे हा कालविपर्यास ठरेल. त्याचे शास्त्रीय नाव ‘प्लुमेरिया’ हे शार्ल प्ल्युमिए (१६४६–१७०४) या फ्रेंच वनस्पतिज्ञावरून पडले आहे. नवागत झाडास मराठीने परिचित सुवासी फुलाचे नाव दिले, एवढेच.

हे झाड कण्हेरीच्या कुलातील आहे. पान खुडताच पांढरा चीक येतो. तो त्वचेस दाहक असून डोळ्यांत जाऊ न देण्याची दक्षता घ्यावी. सोनचाफ्यास असा चीक नसतो. ओळखीची हीच सर्वांत सोपी खूण होय आणि निगेचा भेदही पुष्कळसा येथूनच समजतो. खुरचाफ्याच्या जाड, मांसल फांद्यांत पाण्याचा साठा असतो. हिवाळ्यात पाने गाळून तो स्वस्थ राहतो. या काळात त्यास पाणी जवळजवळ देऊच नये. झाड वाळले असे समजून घागरी ओतणारे हातच बहुधा त्याच्या नाशास कारण होतात.

लागवड फांदीपासून करावी. हिवाळा सरताना, नवी पालवी फुटण्यापूर्वी, हातभर लांबीची पक्व फांदी कापून एक-दोन आठवडे सावलीत ठेवावी. चीक आटून जखमेवर खपली धरल्यावाचून ती मातीत रोवू नये. ओली जखम हेच कुजण्याचे द्वार असते. माती मुरमाड वा वाळूमिश्रित असावी. देशावरील काळ्या मातीत पाणी तुंबते, म्हणून तेथे मुरूम घालून उंचवटा करणे आवश्यक आहे. मुळे धरेपर्यंत पाणी अगदी बेताचे द्यावे. ऊन मात्र भरपूर हवे.

सोनचाफ्याचे शास्त्र वेगळे. त्याच्या बियांवरील लाल गर काढून त्या ताज्या असतानाच पेराव्या लागतात, कारण त्यांची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही. रोपास सावकाश फुले येतात, कलमास लवकर. निचरा त्यालाही हवा. परंतु मुळांशी ओल कायम राहिली पाहिजे.

छाटणीविषयीही एक गैरसमज आहे. खुरचाफ्याचा फुलोरा फांदीच्या टोकास येतो आणि तेथूनच पुढे दोन-तीन फाटे फुटतात. शेंडे छाटल्यास झाड डेरेदार होते खरे, पण त्या फांद्यांचा बहर लांबणीवर पडतो. छाटायचेच तर पर्णहीन अवस्थेच्या अखेरीस छाटावे. नत्रयुक्त खत अधिक झाल्यास पाने माजतात व फुले रोडावतात.

पावसाळ्यात पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसली, तर तो तांबेरा समजावा. पाने अकाली गळतात, तथापि झाड सहसा दगावत नाही. गळलेली पाने गोळा करून नष्ट करावीत, फांद्यांची दाटी कमी करावी आणि पानांवर पाणी शिंपडण्याचे टाळावे.