शेअरचा भाव आणि ताळेबंदातील मालमत्ता

शेअरचा भाव स्वस्त की महाग हे ठरवण्यासाठी जी मापे वापरली जातात, त्यांपैकी समजण्यास सर्वांत सोपे माप म्हणजे प्रतिशेअर निव्वळ मालमत्ता मूल्य, ज्याला व्यवहारात पुस्तकी मूल्य किंवा बुक व्हॅल्यू म्हणतात. ताळेबंदातील जमीन, इमारती, यंत्रे, माल, येणी, गुंतवणुका आणि रोकड यांच्या बेरजेतून सर्व देणी वजा केली की जे उरते त्यावर भागधारकांचा हक्क असतो, आणि त्या रकमेला शेअरच्या संख्येने भागले की हे मूल्य निघते. समजा, मालमत्ता ५०० कोटी रुपये, देणी ३०० कोटी आणि शेअर २ कोटी असतील, तर प्रत्येक शेअरमागे १०० रुपयांची निव्वळ मालमत्ता आहे. तो शेअर ७० रुपयांना मिळत असेल तर खरेदी फायद्याची वाटते. मात्र ती खरोखर तशी आहे का, हे त्या १०० रुपयांत नेमके काय दडले आहे यावर अवलंबून असते.

बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस’ या ग्रंथात हाच प्रश्न कसोशीने हाताळला आहे. ग्रॅहम यांची कसोटी कडक होती: कारखाना आणि यंत्रे हिशेबात धरायचीच नाहीत, केवळ रोकड, येणी आणि माल अशा चालू मालमत्तेतून सर्व देणी वजा करायची, आणि उरलेल्या रकमेच्या दोनतृतीयांशांपेक्षाही कमी भावात शेअर मिळाला तरच तो घ्यायचा.

ही सावधगिरी किती रास्त होती, हे ग्रॅहम यांचे शिष्य वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे या तेव्हाच्या कापड कंपनीवरून दिसते. बफे यांनी १९६२ साली तिचे शेअर घेण्यास सुरुवात केली, तेव्हा भाव पुस्तकी मूल्याच्या निम्म्याहूनही कमी होता. कापडधंदा अखेर १९८५ मध्ये बंद करावा लागला, त्यानंतर घसारा वजा जाता हिशेबवहीत ८,६६,००० डॉलर किमतीची असलेली यंत्रसामग्री लिलावात केवळ १,६३,१२२ डॉलरना गेली. चारच वर्षांपूर्वी प्रत्येकी सुमारे ५,००० डॉलरना घेतलेले काही माग ५० डॉलरनाही कोणी घेईना, म्हणून ते २६ डॉलरप्रमाणे भंगारात काढावे लागले. यंत्राची हिशेबातील किंमत खरेदीच्या रकमेतून घसारा वजा करून ठरते. ज्या धंद्यात नफाच उरला नाही, त्या धंद्याच्या यंत्राला गिऱ्हाईक मिळेल याची हमी ती देत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. जमिनीवर घसारा आकारला जात नाही आणि पुनर्मूल्यांकन केले नाही तर ती मूळ खरेदीच्या किमतीलाच ताळेबंदात राहते. त्यामुळे मुंबईच्या गिरणगावात जुन्या गिरण्यांचा धंदा बसला तरी त्यांच्या जमिनीचे मोल हिशेबवहीतील आकड्याच्या कितीतरी पुढे गेले. नाममुद्रांचेही तसेच आहे: कंपनीने स्वतः घडवलेला ब्रँड ताळेबंदात येत नाही, विकत घेतलेला मात्र येतो. म्हणूनच ग्राहकोपयोगी वस्तूंच्या किंवा सॉफ्टवेअरच्या कंपनीचा भाव पुस्तकी मूल्याच्या अनेक पट असला, तरी तेवढ्यावरून तो अवाजवी ठरत नाही.

मालमत्ता अस्सल असूनही भाव तिच्यापर्यंत का पोहोचत नाही, याचे उत्तर एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या मुंबईच्या गुंतवणूक कंपनीत सापडते. एशियन पेंट्सचे शेअर हाती असलेल्या या कंपनीचे पुस्तकी मूल्य प्रतिशेअर सुमारे ५.८५ लाख रुपये होते, तर बाजारातील नोंदलेला भाव अवघा ३ रुपये ५३ पैसे, कारण त्या भावाला विकायला कोणी तयार नव्हते. सेबीने अशा कंपन्यांसाठी आखून दिलेल्या विशेष लिलावानंतर २९ ऑक्टोबर २०२४ रोजी तो एकाच दिवसात २,३६,२५० रुपयांवर गेला. तरीही तो त्या दिवशी पुस्तकी मूल्याच्या ४० टक्क्यांच्याच आसपास राहिला, कारण सुमारे तीनचतुर्थांश शेअर प्रवर्तकांकडे असताना ही गुंतवणूक विकून पैसे वाटा, असे लहान भागधारक कंपनीला भाग पाडू शकत नाहीत.

म्हणून पुस्तकी मूल्य पाहताना आकड्याच्या मागे जाणे आवश्यक ठरते. अधिग्रहणात मोजलेली ख्याती (गुडविल) वजा केल्यावर किती उरते, येणी खरोखर वसूल होणारी आहेत का, बँक असेल तर बुडीत कर्जांसाठी पुरेशी तरतूद केली आहे का, आणि या मालमत्तेवर कंपनी दरवर्षी किती नफा मिळवते, हे तपासल्याशिवाय ‘स्वस्त’ हा शब्द वापरू नये. बँका, वित्तसंस्था आणि गुंतवणूक कंपन्या यांची मालमत्ता मुख्यतः पैशाच्या रूपात असल्याने तेथे हे माप अधिक उपयोगी पडते, आणि जिथे कमाई माणसांच्या कौशल्यावर व नावावर होते तिथे ते अपुरे पडते. कष्टाची बचत शेअरमध्ये घालणाऱ्याने वार्षिक अहवालातील ताळेबंद आणि त्याखालच्या टिपा वाचण्यास दिलेली एक संध्याकाळ त्याला अनेक महागड्या चुकांपासून वाचवू शकते.