सहाव्या वर्षाची दाढ



ऊस विकास विभागाकडून या पानावर लागण, खत, खोडवा यांविषयी चार शब्द येतात, याची आपल्याला सवय आहे. या अंकात आम्ही पोरांच्या दातांविषयी लिहीत आहोत. साखर तयार करणाऱ्यांनी दाताच्या किडीवर बोलावं का, असं कुणी विचारील. आम्ही म्हणतो, आपणच बोलावं. दिवाळीची सवलतीची साखर ज्या घरात जाते, त्या घरातल्या पोराची दाढही आपल्या काळजीची आहे.

कीड म्हणजे किडा नव्हे

दातात किडा असतो, अशी समजूत गावोगाव आहे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडून दाखवणारेही भेटतात. प्रत्यक्षात दातात किडा-बिडा काही नसतो. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. त्यांपैकी स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जंतू दात किडवण्यात पुढे असतो. आपण गोड खाल्लं की तोही खातो, साखरेचं आम्ल करतो आणि त्या आम्लाने दाताचं वरचं कठीण कवच विरघळू लागतं.

ऊसवाल्याला हे समजायला अवघड नाही. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर काय होतं? ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू त्यात शिरतो, साखर खातो आणि डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार करतो. उतारा घसरतो, रस बुळबुळीत होतो, दाणा नीट बांधत नाही. तोंडातला जंतूही साखरेपासून तसाच चिकट पदार्थ तयार करतो आणि त्याच्या आधाराने दाताला चिकटून बसतो. चूळ भरली म्हणून तो निघत नाही.

प्रयोगशाळेतल्या मंडळींना पीएच ठाऊक असतो. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच झिरपू लागतं. रसाला चुना देऊन आपण त्याचा आंबटपणा मारतो, तेच काम तोंडात लाळ करते. पण तिला वेळ लागतो, अर्धा तास तरी धरा. तेवढ्यात पोराने दुसरी गोळी तोंडात टाकली की लाळेची मेहनत वाया गेली.

किती खाल्लं आणि कितीदा खाल्लं

स्वीडनमधल्या लुंडजवळच्या व्हिपेहोल्म संस्थेत १९४५ नंतर काही वर्षं यावर प्रयोग झाले. तिथल्या बौद्धिकदृष्ट्या अक्षम रहिवाशांवर, त्यांची संमती न घेता ते केले गेले, म्हणून त्यांच्यावर पुढे कडक टीका झाली आणि ती योग्यच होती. निष्कर्ष मात्र आजही उपयोगी पडतो. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने दात फारसे जास्त किडले नाहीत. जेवणांच्या मध्ये वारंवार खाल्लेल्या चिकट टॉफीने ते भराभर किडले.

म्हणून सणाची पोळी, लाडू जेवणाबरोबर होऊ द्या. दिवसभर चालणारी गोळ्या-बिस्किटं आणि रात्री निजताना गोड दुधाची बाटली, ही खरी खोड. गूळ चालतो, असं कुणी समजू नये; जंतूला गूळही गोडच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेल्या साखरेसारख्या मोकळ्या शर्करा रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असाव्यात, ५ टक्क्यांच्या आत राहिल्या तर आणखी बरं. आपल्या मालाचं गिऱ्हाईक कमी होईल म्हणून हे लपवून ठेवणं आम्हाला पटत नाही.

ही दाढ दुधाची नव्हे

आता मुख्य मुद्दा. मूल सहा-सात वर्षांचं झालं की दुधाच्या शेवटच्या दाढांमागे वर दोन आणि खाली दोन, अशा चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी एकही दात पडत नाही. त्यामुळे घरच्यांना वाटतं, या दुधाच्याच, किडल्या तर पडतील आणि नव्या येतील. तसं नाही. या कायमच्या दाढा आहेत, जन्मभर घास यांच्यावरच चावायचा. एकदा काढावी लागली की त्या जागी परत उगवत नाही.

या दाढांच्या माथ्यावर खोल चिरा असतात. काही चिरा इतक्या अरुंद की ब्रशचा केसही आत जात नाही, मग बोट, राखुंडी किंवा ऊस चावून निघालेला चोथा कुठून जाणार? अन्न आणि जंतू आत बसतात आणि तिथूनच कीड सुरू होते.

लेप कसा लावतात

यावर उपाय निघून बरीच वर्षं झाली. अमेरिकेत रॉचेस्टर इथे मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवलं की दाताला आम्ल थोडा वेळ लावून धुतलं की पृष्ठभाग खरखरीत होतो आणि त्यावर राळेसारखा कृत्रिम पदार्थ पक्का धरतो. पुढे १९६७ मध्ये अशा लेपाने दाढांच्या चिरा बुजवण्याचे परिणाम प्रसिद्ध झाले. या लेपाला सीलंट म्हणतात.

दाताचे डॉक्टर आधी दाढ साफ करतात, कापूस ठेवून ती कोरडी करतात, आम्लाची जेल साधारण अर्धा मिनिट लावून धुतात. मग पातळ लेप चिरांत भरून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. इंजेक्शन नाही, कोरणं नाही, दुखणं नाही. एका दाढेला काही मिनिटं पुरतात. काळजी एकच : लाळ लागता कामा नये. ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही, तसंच हे.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या माहितीप्रमाणे हा लेप दाढांची ८० टक्के कीड दोन वर्षं रोखतो आणि चार वर्षांपर्यंत ५० टक्के रोखतो. बेणेप्रक्रिया केली म्हणून उसाची बाकीची निगा सुटत नाही, तसंच इथेही. दोन दातांच्या मधल्या फटीत लेपाचा उपयोग नाही, तिथे ब्रशच हवा. दाढेला भोक पडलं असेल तर लेप नव्हे, ते भरून घ्यावं लागतं. म्हणून वेळेवर जाणं महत्त्वाचं.

सभासदांनी काय करावं

१. ऊसनोंद ठेवतो तशी घरातल्या पोराच्या सहाव्या आणि बाराव्या वर्षाची नोंद ठेवा. बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसऱ्या दाढा येतात. दाढ पूर्ण वर आली की डॉक्टरांना दाखवा आणि लेपाबद्दल आपण होऊन विचारा.

२. लावलेला लेप दर सहा महिन्यांनी तपासून घ्या. टवका उडाला असेल तर परत लावता येतो.

३. सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा. तीन ते सहा वर्षांच्या पोराला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्या माणसाने धरावा. मिशरी घरातूनच काढा, ती तंबाखू आहे.

४. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्यात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांचे दातही तपासतात. पथक येईल त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. सरकारी दंत महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात लेपाची सोय आहे का, हे आधी विचारून जा.

५. तोडणीला आलेल्या टोळ्यांची पोरं हंगामात गाव सोडून कोपीवर असतात आणि गावच्या शाळेतली तपासणी त्यांची हुकते. आपल्या फडावर टोळी असेल तर जवळच्या शाळेतल्या तपासणीला त्या पोरांनाही पाठवा. ज्यांच्या आईबापांच्या कोयत्यावर आपलं गाळप चालतं, त्यांच्या पोरांच्या दाढेचा विचार आपण नाही करायचा तर कुणी करायचा?

लागणीआधी बेणं बुरशीनाशकात बुडवायला दहा-पंधरा मिनिटं जातात आणि पुढचं मोठं नुकसान वाचतं, हे सभासदांना पटलेलं आहे. दाढेचंही तेच. ठणका लागल्यावर रात्री लवंग धरून बसण्यापेक्षा कीड लागण्याआधीच चिरा बुजवून घ्याव्यात, एवढंच आमचं सांगणं.