उपरोध आणि नवे सोवळे

झरी जामणी तालुक्यातल्या मुलामुलींपुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ उघडले होते. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हा सुदामा इतका कर्मठ, मग त्याचे पुस्तक शिकायचे कशाला?” वर्ग हसला. मला हसू आले नाही.

कोल्हटकरांची (१८७१–१९३४) खुबी तीच. सुदामा भक्तिभावाने रूढीचा कैवार घेतो, बंडूनाना नि पांडुतात्या साथ देतात, आणि त्या कैवारातच रूढी उघडी पडते. हा उपरोध जुन्या सोवळ्याला बोचे. नवे सोवळे वेगळेच : पात्राचे बोलणे ते लेखकाच्या पदरी बांधते.

फ्रान्समध्येही तीच गत. मिशेल वेल्बेकच्या २०१५ मधील ‘सुमिस्यों’ कादंबरीत साहित्याचा एक प्राध्यापक सुखसोयींपायी नव्या इस्लामी राजवटीपुढे मान तुकवायला निघतो. थट्टा धर्माची की प्राध्यापकाची, यावर तिथे रण माजले. आम्हां प्राध्यापकांना उत्तर ठाऊक असावे!

परंतु त्या मुलीला दोष कसा द्यावा? रूढीचा चटका जिला आजही बसतो, तिला थट्टा एकदम कशी उमगावी? पुढच्या तासाला मी अर्थ सांगितला नाही. उतारा नुसता मोठ्याने वाचला. तिसऱ्या वाक्याला ती खुदकन हसली.