सेकंद कुणाचा धरायचा?

गायकाने काळी एकमध्ये लावलेला षड्ज तुमच्या लिनक्स लॅपटॉपवर पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी ऐकू येतोय, लय चढलेली आहे आणि तासाभराची मैफल ५५ मिनिटांच्या आसपासच आटोपतेय, तर फाइल बिघडली असं समजू नका. तिच्यातला एकही आकडा बदललेला नसतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या वेगाने वाजवायचं ध्वनिमुद्रण ४८,००० च्या वेगाने वाजतंय, एवढंच.

मला यात थक्क करते ती गोष्ट म्हणजे, या आकड्यांना काळ ठाऊकच नसतो. हवेच्या दाबाची एका सेकंदात हजारो वेळा घेतलेली मोजमापं, म्हणजेच नमुने, ओळीने लिहून ठेवलेली, बस. दोन मोजमापांत किती अंतर होतं हे फाइलच्या माथ्यावरच्या हेडरमध्ये एका आकड्याने सांगितलेलं असतं. हेडर नसलेला कच्चा डेटा 'एप्ले' या साध्या आज्ञेला दिला, तर तिला 'सीडी' किंवा 'डॅट' असं सांगावं लागतं. पहिलं म्हणजे ४४,१००, दुसरं म्हणजे ४८,०००. सूर आणि लय, दोन्ही त्या एका शब्दावर ठरतात.

४४,१०० हा अडनिडा आकडा आला व्हिडिओ टेपवरून. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ रेकॉर्डर वापरत, आणि चित्राच्या प्रत्येक रेषेत तीन नमुने बसवत. जपान-अमेरिकेच्या पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड आणि प्रत्येकात वापरायच्या २४५ रेषा. युरोपात ५० फील्ड आणि २९४ रेषा. दोन्ही गुणाकार करून पाहा, उत्तर एकच येतं! १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन. संगणकाच्या साउंड कार्डांनी मात्र ४८,००० ला जवळ केलं. इंटेलच्या एसी'९७ या प्रमाणाचा तर तो पायाच होता.

दोघांचं गुणोत्तर १४७ : १६०. म्हणजे सीडीचं गाणं अशा कार्डावर वाजवायचं तर दर १४७ नमुन्यांमागे १६० नवे नमुने गणिताने घडवावे लागतात. हे रिसॅम्पलिंग नीट केलं तर कानाला कळत नाही, आणि त्याची उगाच धास्ती घेतली जाते असं माझं स्पष्ट मत आहे. घोळ होतो तो फाइलपासून कार्डापर्यंतच्या साखळीतल्या कुणीतरी चुकीचा वेग गृहीत धरला की.

तो 'कुणीतरी' शोधायची सोय लिनक्सने उघडी ठेवली आहे. गाणं चालू असताना 'प्रॉक' खालच्या 'असाउंड' फोल्डरात आपल्या कार्डाची 'एचडब्ल्यू पॅराम्स' ही फाइल वाचा. 'रेट' पुढे, उदाहरणार्थ, ४८००० दिसेल आणि कंसात ४८०००/१ असा अपूर्णांकही. काही वाजत नसेल तर तिथे फक्त 'क्लोज्ड'. कार्यक्रमांचे आवाज कार्डापर्यंत पोचवणारा पाइपवायर हा सर्व्हर असेल, तर 'पीडब्ल्यू-टॉप' या आज्ञेत प्रत्येक प्रवाहाचा वेग दिसतो. पाइपवायर मुळात ४८,००० वरच चालतो. परवानगीच्या वेगांत ४४,१०० ची भर घातली, की कार्ड मोकळं असताना पाइपवायर त्याचा वेग बदलू शकतो.

आणि सगळीकडे आकडे बरोबर असूनही सूर हललेलाच असेल तर? मग संशय खुद्द कार्डाच्या घड्याळावर. एसी'९७ च्या जमान्यातल्या इंटेलच्या चिपसाठी लिहिलेला लिनक्सचा ड्रायव्हर हा संशय आधीच घेतो. सुरू होतानाच तो कार्डाला सुमारे ५० मिलिसेकंद चालवतो, तेवढ्यात किती नमुने खपले ते कर्नेलच्या घड्याळाशी ताडून पाहतो आणि त्यावरून कार्डाचा खरा वेग काढतो. ४०,००० च्या खाली किंवा ६०,००० आणि त्यावर उत्तर आलं तर ते मोजमाप फेटाळतो. ४१,००० आणि ४४,१०० च्या आसपासची उत्तरं मात्र त्याच्या कोडमध्ये अपवाद म्हणून स्वतंत्र नोंदलेली आहेत, कारण घड्याळ खरोखरच तसं असलेली यंत्रं लोकांच्या हातात होती. निकाल कर्नेलच्या लॉगमध्ये 'क्लॉकिंग टू' या शब्दांनी उमटतो. तो पटला नाही, तर ड्रायव्हर लोड करताना 'एसी९७ क्लॉक' हा पर्याय देऊन खरा आकडा आपणच सांगायचा.